उसाच्या चिपाडाचा कार्बन: सीव्हीतला ०.४५ व्होल्टचा उंचवटा क्विनोनचाच, हे कसं ठरवायचं?

चिपाड_ते_कार्बन

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी उसाच्या चिपाडापासून सक्रिय कार्बन केला आहे. चिपाड वाळवून मिक्सरमध्ये दळलं, ५०० अंशांवर कोळसा केला, मग कोळसा १ भाग आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३ भाग असं घेऊन नायट्रोजनमध्ये ८०० अंशांवर एक तास ठेवलं. नंतर पाण्याचा सामू ७ येईपर्यंत धुतलं.

शाई अशी: ४ मिलिग्रॅम कार्बन, १ मिलिलिटर पाणी-इथेनॉल, २० मायक्रोलिटर ५ टक्के नाफिऑन (पूड चिकटवून ठेवणारा पॉलिमर). त्यातले ५ मायक्रोलिटर ३ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बनवर (काचेसारख्या कार्बनचा इलेक्ट्रोड) टाकून वाळवले. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ (३ मोलर केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड), प्लॅटिनमची तार काउंटर.

दोन गोष्टी अडल्या आहेत.

१. सीव्हीत (चक्रीय व्होल्टमेट्री, व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंट मोजणं) १ मोलर सल्फ्युरिक आम्लात ०.४५ व्होल्टच्या आसपास उंचवटा दिसतो, परतीच्या वाटेवरही दिसतो. वाचलेल्या बहुतेक पेपरांत त्याला "क्विनोन-हायड्रोक्विनोन" (पृष्ठभागावरची, इलेक्ट्रॉन घेणारी-देणारी कार्बोनिल गटांची जोडी) म्हणून मोकळे होतात. गाइड विचारतात, पुरावा काय?

२. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट किती, हे फेरिसायनाइडच्या पीकमधल्या अंतरावरून सांगता येतं असं समजलो होतो. पण ५ मिलिमोलर फेरिसायनाइड आणि ०.१ मोलर केसीएलमध्ये १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदाने पीकच दिसत नाही, नुसतं जाडजूड सॉसेज येतं. कोऱ्या ग्लासी कार्बनवर पीक येतात, पण त्यांत १४० मिलिव्होल्टचं अंतर आहे.

---

घासूनपुसून

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यात आकडेमोडीनेच निकाल लागतो.

३ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस सेंटिमीटर. फेरिसायनाइडचा विसरण गुणांक दर सेकंदाला साधारण ०.०००००७६ चौरस सेंटिमीटर. रँडल्स-सेव्हचिक समीकरणात (पीक करंट काढायचं सूत्र) घाला: १ मिलिमोलरला १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदाला १६.६ मायक्रोअँपिअर, ५ मिलिमोलरला सुमारे ८३.

आता तुमची पूड. ५ मायक्रोलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम कार्बन. ग्रॅमला १५० फॅरड धरलं (असल्या कार्बनला वाजवी आकडा) तर ३ मिलिफॅरड. गुणिले ०.१ व्होल्ट प्रतिसेकंद, म्हणजे ३०० मायक्रोअँपिअर. ८३ चं पीक ३०० च्या पट्ट्यात बुडणार नाही तर काय होणार? तुमचं सॉसेज म्हणजे दुहेरी थराचा (पृष्ठभागाशी जमणाऱ्या आयनांचा) चार्जिंग करंट आहे.

स्कॅन रेट कमी केला की चार्जिंग करंट सरळ प्रमाणात उतरतो, विसरणाचा मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात. १० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदाला ३० विरुद्ध २६, म्हणजे पीक डोकं वर काढेल. पण थांबा, त्याचा अर्थ लावू नका. कारणं तीन:

एक, नाफिऑन. २० मायक्रोलिटर ५ टक्के द्रावणात साधारण ०.९ मिलिग्रॅम पॉलिमर असतो, म्हणजे ४ मिलिग्रॅम कार्बनच्या पाव हिश्श्याला जरा कमी. नाफिऑनवर ऋणभारित सल्फोनेट असतात. फेरिसायनाइडही ऋणच, त्यामुळे ते बाहेर ढकललं जातं. म्हणून लोक हेक्साअमाइन रुथेनियमकडे वळतात, पण ते धनभारित असल्याने नाफिऑनमध्ये साचतं आणि करंट फुगतो. एक प्रोब दाराबाहेर, दुसरा घरात ठाण मांडून. दोन्ही वेळा तुम्ही मोजताय ते नाफिऑन.

दोन, सच्छिद्र थर. छिद्रांत अडकलेलं द्रावण पातळ थरासारखं वागतं, त्यात पीकमधलं अंतर आपोआप कमी होतं. मग ७० मिलिव्होल्ट बघून "इलेक्ट्रॉन हस्तांतरण जलद झालं" असं लिहिलं जातं. निकोल्सनची पद्धत (पीकमधल्या अंतरावरून हस्तांतरणाचा वेग काढायची) सपाट इलेक्ट्रोड आणि अर्ध-अनंत विसरण गृहीत धरते. पुडीच्या थराला ती लावूच नये.

तीन, मुळात फेरिसायनाइड हा ऑक्सिजन गट मोजणारा प्रोब नाही. तो पृष्ठभागाला संवेदनशील आहे खरा, पण कशाला? स्वच्छतेला, कडेच्या कार्बनच्या प्रमाणाला, अधिशोषित घाणीला, द्रावणातल्या धन आयनांना. सगळ्यालाच. रिचर्ड मॅक्रीरी यांच्या गटाने कार्बनवर रेडॉक्स जोड्यांची वर्गवारी केली ती यासाठीच: रुथेनियम हेक्साअमाइनला पृष्ठभागाची फारशी पर्वा नाही, फेरिसायनाइडला पृष्ठभागाची पर्वा आहे पण ऑक्साइडची खास नाही, आणि आम्लातलं साधं जलयोजित लोह (फेरिक-फेरस) कार्बोनिल गटांवर खरोखर अवलंबून असतं. कार्बोनिल झाकले की त्याचा वेग कोसळतो. हे सगळं सपाट, घासलेल्या ग्लासी कार्बनवर. पुडीवर नाही.

आता कोऱ्या इलेक्ट्रोडचे १४० मिलिव्होल्ट. निकोल्सनच्या तक्त्यात १४१ म्हणजे साय (वेगाचा मापांक) ०.२५, म्हणजे हस्तांतरणाचा वेग सुमारे ०.००२४ सेंटिमीटर प्रतिसेकंद. ८४ ला साय १, वेग ०.००९६. विरोधाला दोष देऊ नका: ०.१ मोलर केसीएलमध्ये या चकतीचा द्रावण-विरोध सुमारे १३० ओहम, ८३ मायक्रोअँपिअरला जेमतेम ११ मिलिव्होल्ट. बाकीची घाण आहे. पॉलिश असं करा:

ॲल्युमिना १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५. प्रत्येकाची गादी वेगळी, डब्यात झाकून ठेवलेली. एकेका पायरीला दीड-दोन मिनिटं, इंग्रजी आठच्या आकड्यात, इलेक्ट्रोड काटकोनात धरून, हलक्या हाताने. मध्ये पाण्याने धुणं. शेवटी पाण्यात एक-दोन मिनिटं सोनिकेट, मग इथेनॉलमध्ये तेवढंच. दहा-दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये टाकून चहाला जाऊ नका, कार्बन आणि टेफ्लॉनमधली फट उघडते आणि मग द्रावण आत शिरून पार्श्वभूमीच तिरकी होते. पॉलिश झाल्यावर लगेच वापरा, हवेतले हायड्रोकार्बन काही मिनिटांत बसायला लागतात. १ मोलर केसीएलमध्ये ६५ ते ७५ मिलिव्होल्ट आल्याशिवाय पुढचं काहीही मोजू नका.

आणि एक: फेरिसायनाइडची सेल आणि सल्फ्युरिकची सेल वेगळी ठेवा. टाकाऊ द्रावणाच्या बाटल्याही वेगळ्या. तीव्र आम्लात फेरिसायनाइड फुटून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. हे "माहीत आहे" म्हणणारेच एका बाटलीत ओततात.

---

दुहेरी_थर

वरच्यांनी फेरिसायनाइडचा प्रश्न निकालात काढला. आता उंचवटा.

०.४५ हा आकडा वाचून मला पहिला संशय लोहाचा आला. १ मोलर सल्फ्युरिक आम्लात फेरिक-फेरसचं औपचारिक विभव हायड्रोजन संदर्भाला ०.६८ व्होल्ट. तुमच्या संदर्भाला ०.२१ वजा करा: ०.४७. क्विनोनचा उंचवटा त्याच आम्लात साधारण ०.३ ते ०.४५ मध्ये पडतो. म्हणजे दोघंही एकाच बाकावर बसतात. चिपाडाला शेतातली माती लागलेली असते, वर तुम्ही ते स्टीलच्या मिक्सरमध्ये दळलंत. लोह नसेल तरच नवल.

फरक ओळखायच्या कसोट्या, स्वस्त ते महाग:

राख. अर्धा ग्रॅम कार्बन मफल भट्टीत ६५० अंशांवर पूर्ण जाळा. राख वजन करा आणि रंग बघा. तांबूस असेल तर बोलायलाच नको. राख पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाका, रक्तासारखा लाल रंग आला की लोह. यात पोटेन्शिओस्टॅट (सीव्ही काढायचं यंत्र) लागत नाही आणि अर्धा दिवस पुरतो.

हिशेब. लोहाचा अणू इथे एक इलेक्ट्रॉन देतो. कार्बनमध्ये ०.१ टक्का लोह असेल तर ग्रॅमला ०.०१८ मिलिमोल, म्हणजे १.७ कुलोम. तुमच्या उंचवट्याचा भार ग्रॅमला २० कुलोम निघाला आणि तो सगळा लोहाचा म्हणायचा असेल तर १.२ टक्के लोह लागेल. तेवढं राखेत डोळ्यांना दिसेल. नसेल तर लोह फार तर वरचं छोटं टोकदार पीक असेल, खालचा रुंद उंचवटा नाही. आधी भार काढा, मग भांडा.

फॉस्फोरिक आम्ल. माझ्या मते ही सगळ्यात कमी वापरली जाणारी चांगली कसोटी. फॉस्फेट फेरिकला घट्ट धरतं आणि लोहाचं विभव खाली ओढतं. २ मोलर फॉस्फोरिकमध्ये ते हायड्रोजन संदर्भाला ०.४६ च्या जवळ येतं, म्हणजे सुमारे २०० मिलिव्होल्ट घसरण. क्विनोनला फॉस्फेटशी देणंघेणं नाही, तो फक्त सामूच्या फरकाएवढा, ४०-६० मिलिव्होल्ट सरकेल. एकाच पुडीचे दोन इलेक्ट्रोड, दोन आम्लं, एक दुपार.

द्रावण बदलणं. पन्नास चक्रं फिरवा, इलेक्ट्रोड न काढता जुनं आम्ल ओतून ताजं भरा. विरघळलेलं लोह कमी होत जाईल, पृष्ठभागाला बांधलेला गट जागेवर राहील. स्कॅन रेटशी पीक करंट सरळ प्रमाणात जातो का तेही बघा, पण पुडीच्या छिद्रांत अडकलेलं लोहही सरळ प्रमाण दाखवू शकतं, म्हणून फक्त यावर विसंबू नका.

सामू मालिका. क्विनोन दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून सामूच्या एका अंकाला ५९ मिलिव्होल्ट. हा आकडा २५ अंशांचा आहे. मे महिन्यात पुण्यातल्या एसी नसलेल्या प्रयोगशाळेत ३५ अंश असतील तर ६१. ॲनोडिक आणि कॅथोडिक पीकचा मध्य काढून आलेख काढा, एकट्या पीकचा नको. ५० ते ६२ चा उतार आला तर ठीक.

इथे हमखास होणारी चूक: मधल्या सामूला नुसतं सोडियम सल्फेट वापरणं. बफर नसेल तर क्विनोन ऑक्सिडाइझ होताना सुटणारे प्रोटॉन छिद्रातला सामूच बदलतात, उंचवटा पसरतो किंवा गायब होतो, आणि "उदासीन द्रावणात गट निष्क्रिय" असा निष्कर्ष छापून येतो. ०.५ मोलर फॉस्फेट बफर घ्या. ०.०५ मोलर बफर सच्छिद्र कार्बनला पुरत नाही.

शेवटची आणि सगळ्यात ताकदीची: नियंत्रण नमुने. त्याच पुडीचा एक भाग आर्गॉनमध्ये ६५० अंशांवर आणि दुसरा ९५० अंशांवर दोन तास तापवा. कार्बोक्सिल ४०० च्या आतच कार्बन डायऑक्साइड होऊन जातात, लॅक्टोन ६५० पर्यंत, फिनॉल ६००-७०० ला, कार्बोनिल-क्विनोन ७०० ते ९८० दरम्यान कार्बन मोनॉक्साइड होऊन. म्हणजे ६५० ला तापवलेल्या नमुन्यात उंचवटा टिकला आणि ९५० ला गेला तर तुमच्या गाइडना हवा तो पुरावा हातात आला. लोह मात्र ९५० ला कुठेही जात नाही. थंड होईपर्यंत आर्गॉन चालू ठेवा, गरम असताना नळी उघडलीत तर हवेतला ऑक्सिजन नव्याने चिकटतो आणि केलेलं सगळं वाया.

---

मफल_माउली

भट्टीकडचं थोडं.

"सामू ७ येईपर्यंत धुतलं" याला फारसा अर्थ नाही. छिद्रांतलं कार्बोनेट हळूहळू बाहेर येतं, आज ७ असलेली पूड उद्या पाण्यात टाकली तर ९ दाखवते. क्रम असा ठेवा: आधी गरम पाण्याने, ७०-८० अंश, तीनदा. चिपाडात सिलिका भरपूर असते, हायड्रॉक्साइडने तिचं पोटॅशियम सिलिकेट झालेलं असतं आणि ते अल्कधर्मी पाण्यातच निघून जातं. सरळ आम्ल ओतलंत तर सिलिका जेल होऊन छिद्रांत बसते. पाण्यानंतर १ मोलर हायड्रोक्लोरिक, ६० अंश, चार-पाच तास ढवळत. मग पुन्हा गरम पाणी, धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरं येणं बंद होईपर्यंत. क्लोराइड राहिलं तर तुमचं प्लॅटिनमही जरा लवकर विरघळतं. तेच प्लॅटिनम कार्बनवर बसलं की ऋण बाजूला हायड्रोजनची खोटी करामत दिसते. काउंटरला ग्रॅफाइटची कांडी लावा.

बोट (भट्टीत पूड ठेवायचं भांडं) कसली वापरलीत? वितळलेलं हायड्रॉक्साइड ॲल्युमिना, पोर्सेलिन, क्वार्ट्झ सगळं खातं. निकेलची वापरली असेल तर निकेल येतं. अल्कधर्मी द्रावणात त्याच सामूच्या हायड्रोजन संदर्भाला (आरएचई) १.३५-१.४ व्होल्टला टोकदार जोडी दिसली तर ती निकेलची समजा, कार्बनची नाही.

८०० अंशांवर पोटॅशियम धातूची वाफ होते (उत्कलन ७५९) आणि नळीच्या थंड टोकाला बसते. नळी थंड झाल्यावर आधी आयसोप्रोपेनॉल, मग पाणी. उलट केलंत तर ठिणगी.

---

चिपाड_ते_कार्बन

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं केलं, निकाल:

राख पाण्याने धुतलेल्या पुडीत ६ टक्के, फिकट विटकरी. थायोसायनेट लाल. आम्लाने धुतल्यावर राख १ टक्क्याच्या आत, थायोसायनेट जेमतेम गुलाबी.

१ मोलर सल्फ्युरिकमध्ये धुण्याआधी ०.४७ ला टोकदार आणि त्याच्या डावीकडे रुंद असं दोन्ही होतं, मी एकच समजत होतो. धुतल्यावर टोकदार गेलं, ०.३८ ला मध्य असलेला रुंद उंचवटा उरला. २ मोलर फॉस्फोरिकमध्ये तो ०.३३ ला आला.

९५० अंशांचा नमुना अजून व्हायचा आहे. पण आता गटांची संख्या कशी काढू? बोएम अनुमापनात (अल्कली किती खाल्लं त्यावरून आम्लगट मोजणं) एकूण आम्लगट ग्रॅमला १.९ मिलिमोल आले. सीव्हीतून तेवढेच यायला हवेत ना?

---

दुहेरी_थर

नाही, आणि तेवढे आले तर उलट घाबरायला हवं.

सीव्हीला दिसतात ते फक्त इलेक्ट्रॉन देणारे-घेणारे गट: क्विनोन आणि त्यांच्या जातीचे कार्बोनिल. कार्बोक्सिल, लॅक्टोन, एकटा फिनॉल हे त्या पट्ट्यात मुके असतात. बोएमला दिसतात ते सोडियम हायड्रॉक्साइड पिणारे: कार्बोक्सिल, लॅक्टोन, फिनॉल. क्विनोन त्यात येत नाही. दोन पद्धती दोन वेगळ्या गर्दीची शिरगणती करतात. सोडियम बायकार्बोनेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड तिन्हींचे आकडे वेगळे काढा, एकूण बेरीज एकटी फारशी बोलत नाही.

तुमचे १.९ आम्लाने धुतलेल्या पुडीचे असतील तरच धरा. राखेतलं अल्कली आम्ल खातं आणि आकडा खाली खेचतं. उलट धुण्यातलं हायड्रोक्लोरिक राहिलं असेल तर आकडा फुगतो. पाणी उकळून थंड केलेलं, बाटली पॉलिथिनची आणि गच्च बंद, २४ तास हलवणं, गाळलेल्या द्रावणात मोजून जास्तीचं आम्ल टाकून आर्गॉन सोडत मागे अनुमापन, आणि कार्बन नसलेली कोरी बाटली सोबत. आर्गॉन टाळला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तुमच्या नावावर कार्बोक्सिल म्हणून जमा होतो.

आता क्विनोनची संख्या. यासाठी ग्लासी कार्बनवरची शाई सोडा, २० मायक्रोग्रॅमचं वजन कोण खात्रीने सांगणार? टिकली करा: ९० टक्के कार्बन, १० टक्के टेफ्लॉन (६० टक्के विखुरणातून), इथेनॉलचे थेंब टाकत कणकेसारखं मळा, लाटा, १२० अंशांवर निर्वातात रात्रभर वाळवा, मग वजन. पावसाळ्यात वाळवलेली टिकली तराजूवर डोळ्यांदेखत जड होत जाते, म्हणून वाळवणीतून काढल्यावर बंद कुपीतच वजन करा. ५ ते १० मिलिग्रॅमची टिकली ग्रॅफाइट फॉइलवर किंवा सोन्याच्या जाळीत दाबा. स्टील नको, त्यातून परत लोह. निर्वातात आम्लात भिजवा, रात्रभर तसंच ठेवा.

१ ते २ मिलिव्होल्ट प्रतिसेकंद, ० ते ०.८ व्होल्ट. जास्त वेग घेऊ नका: ६ मिलिग्रॅमची टिकली ५० मिलिव्होल्टला ४० मिलिअँपिअर ओढते, सेलचा विरोध ३ ओहम असला तरी १२० मिलिव्होल्ट तिथेच गेले, आणि आयताऐवजी पान दिसतं. ०.८ च्या वरही जाऊ नका. १ व्होल्टच्या पुढे कार्बन स्वतः ऑक्सिडाइझ व्हायला लागतो, म्हणजे मोजता मोजता तुम्ही नवे गट तयार करता. पहिलं चक्र जपून ठेवा, विसाव्याशी तुलना करा. उंचवटा वाढत असेल तर व्होल्टेजचा पट्टा अजून लहान करा.

गणित: समजा ६ मिलिग्रॅम टिकलीत कार्बन ५.४. आधाररेषेच्या वरचं क्षेत्रफळ ०.४२ मिलिअँपिअर-व्होल्ट. याला स्कॅन रेटने भागायचं (इथे निम्मे लोक विसरतात): भागिले ०.००२, म्हणजे ०.२१ कुलोम. ग्रॅमला ३८.९. भागिले २ गुणिले ९६,४८५: ग्रॅमला ०.२० मिलिमोल क्विनोन. ऑक्सिजनचे अणू मोजायचे तर दुप्पट.

---

शंकेखोर

वरचं सगळं मान्य, पण "आधाररेषेच्या वरचं" या दोन शब्दांत सगळा खेळ आहे.

१५० फॅरडच्या कार्बनचा दुहेरी थर ०.८ व्होल्टमध्ये ग्रॅमला १२० कुलोम घेतो, उंचवटा त्यावर ३९. सरळ रेष कुठून कुठे ओढली यावर उत्तर सहज ३० टक्के हलतं. आणि कार्बनची धारिता सपाटही नसते, शून्यभार विभवाजवळ (जिथे पृष्ठभागावर निव्वळ भार नसतो) ती खचते. सरळ रेषेला भौतिक आधार काहीच नाही.

म्हणून ९५० अंशांवर तापवलेल्या नमुन्याचा सीव्हीच आधाररेषा म्हणून वापरा. पण तोही जसाच्या तसा वजा करू नका. तापवल्याने पृष्ठक्षेत्र थोडं घटतं, गट गेल्याने ओलावणंही बदलतं. उंचवटा नसलेल्या भागात, म्हणजे ०.७ व्होल्टजवळ, दोन्ही वक्र जुळतील असा गुणक लावून मग वजाबाकी. नायट्रोजन अधिशोषणाचं क्षेत्रफळ दोन्हींचं हवंच. ॲनोडिक आणि कॅथोडिक दोन्ही भार काढा. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर विरघळलेला ऑक्सिजन किंवा कार्बनचं ऑक्सिडेशन आत घुसलंय. आर्गॉन वीस मिनिटं आत, मग मोजताना वर.

रासायनिक झाकणीही करता येईल: डायनायट्रोफिनाइलहायड्रझिन आम्लयुक्त इथेनॉलमध्ये, कार्बोनिलला बांधतं, उंचवटा बसतो. मग ० च्या खाली जाऊ नका, नायट्रो गट क्षपण पावून नवी पीक आणतात. हे रसायन कोरडं स्फोटक असतं, बाटलीत ओलं येतं ते ओलंच ठेवायचं. तरी छिद्रं अरुंद असतील तर एवढा मोठा रेणू आत पोचेलच असं नाही, म्हणजे "झाकलं नाही" याचा अर्थ "कार्बोनिल नाही" असा होत नाही.

आणि एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि बंध ओळखणं) करून घेणार असाल तर (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल असो की विद्यापीठ, नमुना आधी वाळवून द्या) ऑक्सिजनचा एकूण टक्का आणि ५३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टला कार्बोनिल, ५३३ ला एकेरी बंध एवढंच घ्या. कार्बनच्या पीकमध्ये पाच-सहा वक्र बसवून प्रत्येकाला गटाचं नाव देणं हे चित्र रंगवणं आहे. शिवाय एक्सपीएस वरच्या काही नॅनोमीटरचं, सीव्ही छिद्रांच्या आतलं.

---

चिपाड_ते_कार्बन

शेवटची शंका. टिकली धरायला होल्डर नाही. आणि २४ तासांची मालिका लावली की मधेच आवाजासारखी दातेरी रेघ येते.

---

घासूनपुसून

होल्डर: भोसरीत लेथवाल्याकडून टेफ्लॉनच्या कांडीचे दोन तुकडे, आटे पाडून एकमेकांत बसणारे, पुढे ८ मिलिमीटरचं भोक. मागून ग्रॅफाइट फॉइल, तिला तार. तांब्याची क्लिप आम्लाच्या वाफेपासून दूर ठेवा, नाहीतर हिरवं होऊन तांबं सेलमध्ये पडतं आणि ०.० ते ०.१ व्होल्टला नवाच "गट" सापडतो.

दातेरी रेघ बहुतेक ५० हर्ट्झची असते किंवा संदर्भाच्या टोकाला बुडबुडा. आधी बुडबुडा बघा, संदर्भ टिचकी मारून. तो नसेल तर तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक मालाचा बाजार) ॲल्युमिनियमचा मोठा खोका आणा, सेल आत, खोका पोटेन्शिओस्टॅटच्या अर्थला जोडा, एकाच जागी. मॅग्नेटिक स्टिरर मोजताना बंद. यूपीएसवर फक्त पोटेन्शिओस्टॅट आणि संगणक ठेवा, सोनिकेटर त्याच पट्टीवर नको. आणि २४ तासांची मालिका बुधवारी रात्री लावू नका, गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची शक्यता असते. वीज गेल्यावर टिकली उघड्या परिपथात किती वेळ होती हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

---

मफल_माउली

९५० च्या नमुन्याला आधी धुतलेलीच पूड घ्या. लोह असलेली पूड एवढी तापवलीत तर लोहाभोवती ग्रॅफाइट तयार होतं, आणि मग तुमची आधाररेषा दुसऱ्याच कार्बनची असेल.